उंबऱ्याच्या आतलं चालणं

उन्जूच्या नोकरीला सुटसुटीत नाव नव्हतं. तिची आई शेजारणींना सांगायची, "आमची उन्जू वोन्जूला औषधांच्या कंपनीत असते." औषधं नव्हेत, यंत्रं, हे सांगून सांगून उन्जूने शेवटी नाद सोडला होता. खरं काम असं होतं की एखादं यंत्र रुग्णांच्या उपयोगी पडतं हे कुठल्या तरी परक्या देशाने आधीच सिद्ध केलेलं असायचं. तो पुरावा इथल्या आरोग्य विम्याच्या समीक्षा मंडळापुढे मांडायचा आणि यंत्राचा खर्च विम्याने उचलावा म्हणून त्यांची खात्री पटवायची. बोलायला सोपं आहे. पण तिकडचा पुरावा इकडे आणणं म्हणजे लांबच्या गावची सून आणून नांदवण्यातलाच प्रकार. तिच्या सवयी काय, आपल्या काय, खटके कुठे उडणार, हे आधी बघावं लागतं. उन्जूचा त्यात हातखंडा होता आणि तिला ते माहीत होतं.

वोन्जू शहरात हे मंडळही आहे आणि यंत्रांच्या लहानमोठ्या कंपन्याही आहेत. दुपारी सूपच्या दुकानात अर्ज करणारे आणि अर्ज तपासणारे शेजारशेजारच्या टेबलांवर बसून ओरपत असतात आणि एकमेकांना ओळख दाखवत नाहीत.

त्या वर्षी उन्जूच्या हातात पायाचं यंत्र होतं. अर्धांगवायूचा झटका येऊन गेला की पुष्कळांचं पाऊल पुढून लोंबकळतं, चालताना बोटं जमिनीला अडकतात आणि माणूस तोंडावर पडतो. या यंत्राचा पट्टा गुडघ्याखाली बांधायचा आणि एक चपटं बटण बुटात टाचेखाली ठेवायचं. टाच उचलली की बटण पट्ट्याला कळवणार, पट्टा नसेला बारीकसा झटका देणार आणि पाऊल आपोआप वर येणार. नेदरलँड्समधल्या एका संस्थेने ते रुग्णांना घरी वापरायला दिलं होतं. पडणं कमी झालं, घरी येणाऱ्या नर्सच्या फेऱ्या कमी झाल्या, सगळं झकास. बान साहेब, म्हणजे उन्जूचे वरिष्ठ, त्या निकालांवर इतके खूश झाले की त्यांनी अख्ख्या ऑफिसला तळलेलं चिकन खायला घातलं. एरवी ते कॉफीसुद्धा स्वतःपुरती आणणारे गृहस्थ.

उन्जूने तो पुरावा इथल्या मापाने बेतला. तिकडची नर्स म्हणजे इकडची बायको किंवा मुलगी, म्हणून वाचलेल्या फेऱ्यांच्या जागी तिने घरच्यांचे वाचलेले कष्ट मांडले. तिकडचा सपाट रस्ता म्हणजे इकडचा चढ, तिकडची सायकल म्हणजे इकडची बस. इथल्या हॉस्पिटलनेही काही रुग्णांना यंत्रं उसनी देऊन आपल्या लांबलचक वऱ्हांड्यात त्यांचं चालणं मोजलं. तेही छान भरलं.

त्या रुग्णांत उन्जूचे वडील होते. तिने वशिला लावला नव्हता. उलट यादीत त्यांचं नाव दिसताच तिनेच साहेबांच्या कानावर घातलं होतं. आप्पा जेचॉनला राहायचे, जन्मभर रेल्वेत काढलेला माणूस. झटका आल्यावर ते स्वतःला "रुळावरून घसरलेला डबा" म्हणायचे आणि त्यावर स्वतःच हसायचे. यंत्र मिळालं आणि डबा पुन्हा रुळावर आला. मंडळाने होकार दिला तर ते विम्यातून आप्पांकडेच राहणार होतं, नाही दिला तर परत करायचं होतं. विकत घेणं पेन्शनीत बसणारं नव्हतं.

दर रविवारी उन्जू गाडीने जेचॉनला जायची. आप्पा टोपी, पट्टा, बूट असे जय्यत तयार होऊन फाटकापाशीच उभे असायचे. मग आई, आप्पा आणि ती उइरिम्जी तळ्याला पाइनच्या झाडांखालून चक्कर मारायची. आप्पा काठी हलवत पुढे चालायचे, बदकांना नावं ठेवायचे. बाजारात तिघं काडीला टोचलेले लाल तिखट ओदेंग, म्हणजे माशाच्या वड्या, खायची आणि फाटकाशी परत आली की आप्पा म्हणायचे, "जा आता, गाडी चुकेल." गाडीला वेळ असला तरी म्हणायचे. केवढी काळजी करतात, असं वाटून उन्जूला भरून यायचं. सोमवारी ऑफिसात ती सांगायची, "आमचे आप्पा बघा, तरुणासारखे चालतात."

मंडळापुढे जायचा आठवडा आला तेव्हा बान साहेब म्हणाले, "एखादा रुग्ण घरात चालतोय असं चित्रण हवं. त्या कॉफीवाल्या आजीसारखं."

कॉफीवाली आजी म्हणजे डच चित्रणातली म्हातारी. स्वयंपाकघरात तुरुतुरु चालत ती कॉफी करते आणि कॅमेऱ्याकडे बघून डोळा मिचकावते. ऑफिसात सगळ्यांची ती लाडकी होती.

उन्जू न कळवता, भर आठवड्यात, जेचॉनला गेली. फाटक नुसतं लोटलेलं होतं. दाराशी बूट काढून, "आई, मी आलेय गं," म्हणत ती आत शिरली आणि जागीच थांबली.

आप्पा जमिनीवर बसून मागे मागे सरकत होते. चांगला हात टेकायचा, बूड उचलायचं, सरकायचं, दुखरा पाय मागून ओढायचा. खोलीतून न्हाणीघराकडे निघाले होते. तिला बघून ते थबकले.

"रिमोट शोधतोय," आप्पा म्हणाले.

रिमोट टीव्हीपाशी होता. दोघांनाही तो दिसत होता.

आई स्वयंपाकघरातून धावत आली. "अगं, आज कशी काय? सांगायचं तरी! जेवलीस का?"

"आप्पांचं चालतानाचं चित्रण करायचंय. घरातलं."

"बाहेर करू ना," आप्पा चटकन म्हणाले. "अंगणात उजेड चांगला आहे. उन्जूची आई, माझे बूट दे."

उन्जूचं लक्ष आता खिडकीतल्या दोरीकडे गेलं होतं. आप्पांच्या घरातल्या विजारी वाळत होत्या. प्रत्येक विजारीला बुडाशी ठिगळ होतं. एकीला ठिगळावर ठिगळ होतं, आईच्या हातचे बारीक टाके, कडेने नीट दुमडून घातलेले. दर रविवारी ती त्यांना भेटत होती आणि यातलं काहीही तिला ठाऊक नव्हतं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"घरात यंत्र लावत नाही तुम्ही?"

"लावून काय करू? बटण बुटात असतं. बूट दाराशी. नुसता पट्टा बांधला तर तो बिचारा माझ्यासारखाच गप्प बसतो."

"मग सांगितलं का नाहीत? मी सगळ्यांना सांगत फिरले!"

"म्हणूनच नाही सांगितलं," आप्पा म्हणाले. "तू रविवारी एवढी खूश असायचीस. तुझं यंत्र ते. मला वाटलं, माझ्याच पायात खोट असेल. हॉलंडचे लोक चालतात, म्हणजे यंत्र बरोबरच असणार."

उन्जूचा आवाज चढला. "मग घरातही बूट घालायचे! पडून हाड मोडलं तर?"

"घरात बूट?" आई म्हणाली. "घरात बूट घालून कोण येतं? चोर आणि पोलीस." मग तिचा स्वर खाली आला. "आणि तेही करून झालंय, बाई."

तिने कपाटातून कागदात गुंडाळलेले पांढरे बूट काढले. कोरे करकरीत. तळवे असे स्वच्छ की त्यावर भात वाढावा. "मागेच आणले होते. रस्ता बघितलेला नाही यांनी. मी म्हटलं, हे बूट नव्हेतच, जाड मोजे समजा. पण तुझे वडील ऐकतील तर ना."

"आईचा फोटो आहे भिंतीवर," आप्पा म्हणाले. "पूर्वजांचं ताट आपण याच जमिनीवर मांडतो. तिथे बूट घालून फिरू? पाय गेलाय माझा, अक्कल नाही गेली."

"ऐकलंस? दिवसभर हे असं चालतं. मी सासूबाईंच्या फोटोलासुद्धा विचारून पाहिलं, त्या काही बोलल्या नाहीत."

आप्पांना हसू आलं, आईलाही आलं. उन्जूला मात्र रडू फुटलं. मग आईने आप्पांच्या काखेत हात घातला आणि त्यांना उठवून न्हाणीघरात नेलं. किती सवयीने नेलं, हे उन्जू पाठमोरं बघत राहिली.

परतीच्या गाडीत तिने फोनवर कॉफीवाल्या आजीचं चित्रण लावलं. आजी उठली, ओट्यापाशी गेली, डोळा मिचकावला. पायात तपकिरी, नाडीचे, चामड्याचे बूट होते. उन्जूने हे चित्रण कित्येकदा पाहिलं होतं. ते बूटही पाहिले होते. विलायती सिनेमातली माणसं बूट घालून पलंगावर लोळतात, त्याचं आपल्याला कुठे काय वाटतं? ते त्यांचं घर. चढ मोजले, बस मोजली, बायकोचे कष्ट मोजले. बूट दाराशी काढायचे असतात हे मात्र इतकं अंगवळणी पडलेलं की ते मोजायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. हॉस्पिटलच्या वऱ्हांड्यात तर सगळेच बूट घालून चालले होते. उन्जूने कपाळावर हात मारून घेतला. समोरच्या बाई दचकल्या.

दुसऱ्या दिवशी तिने बान साहेबांना सगळं सांगितलं, रिमोटपासून ठिगळांपर्यंत.

साहेब पेन्सिल फिरवत म्हणाले, "आपण खोटं तर लिहिलेलं नाही ना? बाहेर उपयोग होतोच आहे."

"होतो. पण आपली म्हातारी माणसं पडतात कुठे? न्हाणीघराच्या दाराशी. पहाटे उठताना. आपण लिहिलंय, घरातलं पडणं कमी होतं. ते त्यांच्या घरातलं आहे, आपल्या नाही."

"मंडळातल्या लोकांच्या तरी लक्षात येईल का? तेही तुमच्यामाझ्यासारखेच."

"नाही येणार. मंजूर होईल. लोक आशेने घेतील, दाराशी काढून ठेवतील. पुढच्या फेरतपासणीत दिसेल की इथे काही फरक पडत नाही, आणि विमा हात काढून घेईल. मग कुणी दारात उभं करणार नाही आपल्याला."

"मॅडम, अर्ज मागे घेतला की उसनी यंत्रं गोळा करावी लागतील. तुमच्या वडिलांचंही. कळतंय ना?"

"कळतंय," उन्जू म्हणाली. तळ्याकाठी बदकांना नावं ठेवणारे आप्पा तिला दिसत होते.

साहेबांनी मान खाली घातली. टेबलाखाली त्यांचे काळे बूट व्यवस्थित जोडून ठेवलेले होते आणि पायात ऑफिसातल्या रबरी सपाता होत्या. उन्जूच्याही पायात तशाच होत्या. ऑफिसात शिरलं की बूट बदलायचे, हा सगळ्यांचाच शिरस्ता. साहेब आपल्या पायांकडे बघत राहिले आणि कसंनुसं हसले. "इतके दिवस या सपाता घालून आपण बुटांचा पुरावा तपासत होतो," ते म्हणाले. "काढा पत्र. मागे घेऊ. चिकन मात्र परत मागणार नाही मी."

मंडळाने अर्ज मागे घेऊ दिला. घरातला पुरावा आणा, ऐकून घेऊ, एवढंच म्हणाले.

यंत्र न्यायला उन्जू स्वतःच गेली. दुसरं कुणी जावं हे तिला बघवलं नसतं. आप्पांनी पट्टा आपल्या हाताने सोडला, ओल्या फडक्याने पुसला, वाळू दिला आणि डब्यात घातला.

"रागावलात?" तिने विचारलं.

"रेल्वेत होतो मी," आप्पा म्हणाले. "रुळाला तडा दिसला की गाडी थांबवायची असते. आतले प्रवासी कितीही ओरडोत. ने."

बोलले खरे, पण ती फाटकाबाहेर पडताना त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली आणि हिवाळाभर ती तिथून हलली नाही.

त्या हिवाळ्यात तळं नाही, ओदेंग नाही. उन्जू मात्र दर रविवारी येत राहिली, आणि आता फाटकाशी कुणी अडवायला नव्हतं म्हणून दिवसभर घरात राहू लागली. गरम जमिनीवर बसून तिघं संत्री सोलायची. आप्पा सरकत न्हाणीघराकडे निघाले की आई हातातलं टाकून उठायची. आप्पा म्हणायचे, "बस गं, जमतं मला." आई म्हणायची, "जमतं म्हणून तर मागच्या वेळी टेंगूळ आलं." या भांडणाला शेवट नव्हता. उन्जूला ती दोघं इतकी जवळून कधी दिसलीच नव्हती. आपल्या चुकीपायी आप्पांचं चालणं गेलं, ही बोच मनात होतीच, तरी त्या रविवारांची ती वाट बघायची.

इकडे ऑफिसात बटण मोज्यात बसवायची खटपट चालली होती. नेदरलँड्सच्या इंजिनियरने पहिला नमुना पाठवला तो इथल्या जमिनीवर ठेवताच त्याचा गोंद वितळला. उन्जूने फोन केला.

"जमीन गरम असते?" त्याने विचारलं.

"हो."

"म्हणजे उन्हाने?"

"नाही हो, खालून. आम्ही मुद्दाम तापवतो. झोपतोसुद्धा तिच्यावरच."

तो म्हणाला, "हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?" उन्जूला हसावं की रडावं कळेना. आपल्या घराबद्दल कुणाला काय सांगायला हवं, हे ती आत्ता कुठे शिकत होती. पुढचा नमुना घसरायचा, त्यापुढचा धुतला की मरायचा. शेवटी एक जाड, मऊ मोजा तयार झाला. थंडीत म्हाताऱ्या बायका घरात घालतात तसाच. टाचेत शिवलेलं बटण, तळाला रबराचे ठिपके.

हॉस्पिटलने घरातली चाचणी सुरू केली आणि जुन्या रुग्णांना आधी बोलावलं. वसंतात एक नर्स जेचॉनच्या घरी आली. उन्जू कोपऱ्यात बसली. तिला मध्ये बोलायची मनाई होती.

"आजी, तुम्ही त्यांना हात लावायचा नाही," नर्सने आईला बजावलं. "पडतील असं वाटलं तर मी आहे. तुम्ही फक्त उभं राहायचं."

"नुसतं उभं?"

"नुसतं."

आई ओट्यापाशी गेली आणि दोन्ही हात पाठीमागे घेऊन एकमेकांत घट्ट अडकवले. आप्पा भिंतीला धरून उठले. आधी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं, मग मोज्याकडे. टाच उचलली. पाऊल वर आलं. खाली टेकलं. पुन्हा आलं. मधल्या दाराच्या पट्टीपाशी ते अडखळले आणि आईचे खांदे पुढे झेपावले, पण हात मागेच राहिले. बोटं पांढरी पडली होती. आप्पांनी पट्टी ओलांडली. ते ओट्यापर्यंत आले, भांडं घेतलं, पाणी भरलं आणि आईपुढे धरलं.

"घे. दोन वर्षं तूच देतेयस."

आईने नर्सकडे पाहिलं. "आता हात सोडू?"

"सोडा, आजी," नर्स म्हणाली आणि लिहायचं सोडून खिडकीबाहेर बघू लागली.

पुढे बरीच घरं झाली, बरेच महिने गेले. कुणाच्या घरी कुत्र्याने मोजा पळवला, कुणी तो जोडीने मागितला, कारण एकाच पायात चांगलं दिसत नाही. अर्ज नव्याने गेला. या खेपेला मंडळातल्या एका बाईंनी विचारलं, "घरात, बूट काढल्यावर?" आणि उन्जूने सगळं सांगितलं, कुठे उपयोग झाला, कुठे नाही, तेही. निकाल यायला पानगळ उजाडली.

निकाल कळला त्या दुपारी तिने फोन केला नाही. सरळ गाडीत बसली. जेचॉनला पोचली तेव्हा आई पायरीवर उन्हात शिवत बसली होती. मांडीवर तो जाड मोजा होता आणि टाचेला मोठं भोक पडलेलं होतं.

"आई, मंजूर झालं. विमा देणार. यंत्र आता आप्पांचंच."

"बरं झालं," आई म्हणाली आणि मोजा तिच्या नाकासमोर धरला. "आधी हे बघ. आत्ताच आणला होता ना हा? टाच गेली! सारखे आपले या खोलीतून त्या खोलीत, त्या खोलीतून या खोलीत. काय काम असतं, देव जाणे. तुझ्या त्या हॉलंडवाल्यांना सांग, जरा जाड करा म्हणावं. माझे डोळे का आता टाचा शिवायचे राहिलेत?"

उन्जूची नजर दोरीकडे गेली. आप्पांच्या विजारी वाळत होत्या. जुनी ठिगळं होती तशीच होती, नवं एकही नव्हतं. आई रागाने बोलत होती, पण तिचा चेहरा उजळलेला होता, आणि उन्जूला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं. ती पडलीच. "अगं, सुई आहे हातात!" आई ओरडली.

आतून पावलांचा आवाज आला. एक नेहमीचा, एक थोडा जड. आवाज खोलीतून निघाला, पट्टी ओलांडून पुढे आला आणि दार आतून सरकलं. दुसरा जोड पायात घालून आप्पा उंबऱ्याच्या आत उभे होते, कशालाही न धरता. इतक्या रविवारी ते तिला फाटकाशी भेटले होते आणि फाटकावरूनच परत पाठवत आले होते.

"मला वाटलंच, तुझा आवाज," ते म्हणाले. "मग बाहेर काय उभी राहिलीस? बूट काढ आणि ये आत."